पाळण्यातला धोंडा

दादाराव गेल्याचा त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. अर्धी दाढी तशीच ठेवून मी पडेगावला निघालो. वाटेत डोक्यात एकच... त्याचं एक वाक्य मी गिळून टाकलं होतं आणि ते परत करायचं राहून गेलं.

आम्ही तीस वर्षं एकाच कारखान्यात होतो, पण ओळख आजोबांपासूनची. निजामाच्या काळात माझ्या आजोबांचा लाकडी रहाटपाळणा होता. चार पेट्यांचा, हातानं फिरवायचा. बैलगाडीवर लादून फुलंब्री, सिल्लोडकडच्या जत्रांना न्यायचे. आता तिकिटाच्या बागा झाल्यात, तेव्हाची करमणूक एवढीच. फिरवणारे दादारावचे आजोबा. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून जत्रा भरण्याआधी पाळणा तपासताना ते प्रत्येक पेटीत एकेक धोंडा ठेवायचे.

निवृत्तीनंतर हे सगळं लिहायचं मी मनावर घेतलं. दादाराव तासन्‌तास सांगायचा, लाकूड कुठलं, वंगण कशाचं. एकदा मधेच थांबला. "माझा बाप लहानपणी बसायसाठी लई रडायचा. पण पेटी बाटंल म्हणून तुमच्या आज्यानं आमच्या लेकरायला कधी बसू दिलं नाय. धोंडा बसला, भाऊ... बाप नाय बसला. हे लिव्हा."

मी मान डोलावली आणि लिहिलं नाही. आजोबांच्या फोटोला घरात अजून हार असतो. धीर झाला नाही, दुसरं काय! पुरवणीत लेख अगदी गोड छापून आला. दादारावनं दोनदा वाचला, चष्मा पुसला. "चांगलं लिव्हलंय. धोंडा तेवढा राहिला." पुढच्या वेळी लिहितो, म्हणालो. नंतरही चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, पण पाळण्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, त्याची आता लाज वाटते.

पाळणा मोडीत निघाला, तेव्हा त्यातली एक पेटी त्यानं मागून नेली होती. ती त्याच्या ओसरीत टांगलेली आहे. काल, महिन्यानंतर, पुन्हा गेलो. पेटीत धोंडा होता. वाऱ्यानं रिकामी हलू नये म्हणून दादाराव ठेवायचा.

"धोंडा काढा अन् बसा," वहिनी म्हणाल्या. "ते रोज असंच बसायचे. बापाच्या वाटचं बसून घेतो, म्हणायचे..."

आमच्या घरचे त्या पेटीत पुष्कळ बसलेत. मी खाली चटईवर बसलो.