मेव्हिसची राहून गेलेली फेरी

विनीचा नवरा क्लिफर्ड गाडी चालवत नसे, पुसत असे. गाडी जुनी जॅग्वार, त्यांच्याच कॉव्हेंट्री गावात बनलेली. घराचं छप्पर गळायचं, गॅरेजचं कधी नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या वार्षिक प्रदर्शनालाही ही बया ट्रेलरवर बसून जायची. तिथं परीक्षक बॉनेट उघडून आत वाकले की क्लिफर्डचा जीव टांगणीला लागे.

आणि हा सगळा जीव दोन मॅनिफोल्डांत! इंजिनातला जळका धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारे ओतीव लोखंडी नळ ते. वर काळंभोर, चकचकीत एनॅमल. त्या हिवाळ्यात त्यानं ते उतरवले, नवं एनॅमल चढवून आणले आणि पितळी नट टूथब्रशनं घासत बसला. कुठं? तर जेवणाच्या टेबलावर. विनी ताट मांडीवर घेऊन जेवायची आणि धुमसायची.

मार्चमध्ये तिची धाकटी बहीण मेव्हिस अंथरुणाला खिळली. ती राहायची मेबलथॉर्पला, समुद्राकाठी. विनी बस बदलत बदलत तिला भेटायला जायची. मेव्हिसचं मागणं एकच होतं, "विनी, त्या गाडीतून एकदा समुद्राच्या कडेनं फिरव ना मला."

विनीनं घरी येऊन हे सांगितलं. "आत्ता?" क्लिफर्ड ओरडलाच. "अगं, एनॅमल नवं आहे. एवढ्या लांब तापत गेलं तर टवके उडतील. जुलैत प्रदर्शन होऊ दे, मग नेऊ."

"ती जुलै बघणार आहे का?"

"असं अभद्र बोलू नये, विनी."

म्हणजे अभद्र बोलणारी हीच! विनीनं त्या दिवशी दार असं आपटलं की शेजारीण डोकावली.

मेव्हिस मे महिन्यात गेली. दफनाच्या सकाळी मेबलथॉर्पला जायला क्लिफर्डनं आपणहून जॅग्वार बाहेर काढली. तोंडावर भाव असा, की मोठा त्यागच करतोय. विनी गाडीत बसली.

चर्चपाशी माणसं शवपेटी खांद्यावर घेत होती आणि यानं बॉनेट उघडलं.

"विनी, बघ तरी! एक टवका नाही उडाला. इतक्या लांब आलो, पण जसंच्या तसं!"

तिनं वाकून पाहिलं. खरंच, एनॅमल लखलखत होतं.

"उडाला असता तर बरं झालं असतं, क्लिफर्ड," ती म्हणाली. "मेव्हिसला नाही म्हणालास त्याला काही कारण होतं, असं तरी म्हणता आलं असतं."

आणि ती पेटीमागून एकटीच आत गेली.