फिरकी कोण धरणार?

हरणीच्या सोसायटीत राहायला आल्या आल्या मी सगळ्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं, की डभोईला लहानपणी मी पतंग चढवला की तिथली कबुतरं त्या दिवशी सुट्टी घ्यायची. तेव्हा उत्तरायणाला, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीला, गच्चीवर पतंग माझ्याच हातात येणार, यात मला शंका नव्हती. पण शंका कुणालाच नव्हती! गच्चीभर नुसते उस्ताद, आणि मांजाची फिरकी धरायला एकही माणूस नाही. आमचेच मांजे आमच्याच मांजांत गुंतून दुपारपर्यंत त्यांची गोधडी झाली. समोरच्या गच्चीवरून 'काप्यो छे!'चा असा गजर व्हायचा, की शेजारच्या विमानतळावर विमानंसुद्धा जरा बिचकूनच उतरत असावीत.

शेवटी एकच पतंग उरला. तळमजल्यावरच्या बेन इतका वेळ सगळ्यांना चिक्की वाटत होत्या. त्या पुढे आल्या.

"लावो भाई, मने आपो."

मी पतंग पाठीमागे धरला. तो गेला की माझी डभोईही गेली!

"द्या की त्यांना," बायको म्हणाली. "सकाळपासून तुमचा एक तरी टाकीच्या वर गेलाय का?"

"वारा उलटा आहे."

"तुमच्यापुरताच?"

गच्ची खो खो हसली. दिला पतंग. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून फिरकी उचलून बेनच्या मागे उभा राहिलो.

"ढील, भाई, ढील!"

मी सैल सोडत गेलो. फिरकी तळहातांत गरगरू लागली, आणि मांजा असा निघाला, जणू आकाशच घोट घोट पीत होतं. वरच्या मजल्यावरचे काका आपणहून समोरचे पेच सांगू लागले. कुणी ठरवलं नव्हतं. ऊन मधासारखं दाट झालं. मांजा गुणगुणत होता. मी वर पाहिलंच नाही. नजर हलली असती तर गुंता झाला असता. पतंग कुठवर गेला ते मला तळहातांत कळत होतं. जुन्या शहरातली मांडवी मागे पडली, नदी ओलांडली, बहुधा समुद्र लागला.

मग आमच्याच गच्चीवर आरोळी उठली. समोरचा कापला होता!

बेन मागे वळल्या, मांजा माझ्यापुढे धरला. "लो भाई, हवे तमे उडाडो."

बायको बघत होती.

"हात मोकळे नाहीत, बेन," मी म्हणालो, आणि आणखी थोडी ढील दिली.