बयाबाईच्या कमरेचा सेट

चंदगडच्या डोंगरात कृष्णात कमी बोलतो, कारण घरातलं सगळं बोलणं त्याच्या बायकोनं, बयाबाईनं स्वतःकडं घेतलंय. म्हणूनच शेतात उतरणाऱ्या रानहत्तीवर नजर ठेवायचं काम गावानं त्याला दिलं.

त्यासाठी कोल्हापुरातनं तीन वॉकीटॉकी आणले. एक कृष्णातकडं, एक बयाबाईकडं, एक काजूबागवाल्या गणपतरावांकडं. गणपतरावांना मोठा, लांब पल्ल्याचा सेट हवा होता. "त्येला परवाना लागतोय," कृष्णात म्हणाला. "ह्या बारक्याला न्हाय लागत." खोक्यावर पाच किलोमीटर लिहिलेलं, पण मधी डोंगर आला की सेट मुका. म्हणून कृष्णात टेंबावर, उंच टेकाडावर बसायचा. तिथनं ओढ्याच्या दोन्ही अंगाला बोलता यायचं.

त्या दिवशी ऊन कलताना हत्ती ओढ्यात उतरला. पल्याड खाचरात बयाबाई आणि शेजारची रत्नव्वा भात कापत होत्या. कृष्णातनं बटण दाबलं. "बया, हत्ती!"

बटण सोडताच सेटमधनं बायकोचाच आवाज आला, पण तो रत्नव्वाशी चाललेला.

"गणपतरावानं मिशीला काळं लावलं की गं. डेअरीत घाम आला, अन् वघळ पार गळ्यापातूर!"

कृष्णातच्या ध्यानात आलं. बाईनं सेट कमरेला, पानाच्या चंचीशेजारी खोचला होता. चंचीनं बटण दाबून धरलेलं. तिचं सगळं जगाला ऐकू जातंय, जगाचं तिला काहीच नाही. मोबाइलला रेंज नाही, ओढ्याच्या आवाजात हाक पोचायची नाही, आणि वाटेवर हत्ती.

आता एकच आशा, बाईला पानाची तलफ. कृष्णात बटणावर बोट ठेवून बायकोच्या चहाड्या ऐकत बसला. "आमचं येडं तर बायकोपेक्षा म्हशीशी जास्त बोलतंय," हेही ऐकलं. हत्ती केळीपाशी आला.

"थांब, पान लावतो," बयाबाई म्हणाली. आवाज तुटला. कृष्णात ओरडला, "बया, पळ!"

क्षणात चंची परत कमरेला. "ह्यातनं नुसतीच किरकिर आली गं!"

कृष्णातला उमगलं. दोघं एकदम बोलले की तिसऱ्याला किरकिरच. आणि दुसरा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. खालच्या, खाचरासमोरच्या काजूबागेत मिशीवाले सेट तोंडाशी धरून लालबुंद झाले होते.

आयुष्यात कधी ओरडला नव्हता तसा कृष्णात टेंबावरनं ओरडला, "गणपतराव, बोट काढा! मिशीचं मागनं बघू, पल्याड हत्ती हाय!"

गणपतरावांनी सेट दगडावर ठेवला आणि हात मागं बांधले.

केळी मोडल्याचा आवाज टेंबापर्यंत आला. बयाबाई आता गणपतरावांच्या सुनेवर घसरली होती.

"अक्का, चुना कमी पडलाय," रत्नव्वाचा आवाज.

"धर की."

चंची निघाल्याची खरखर. मग आवाज तुटला.

"बया, केळीत हत्ती हाय. दोघी वरच्या देवळात पळा. विळा टाक, आधी पळ!"

खाचरातले दोन रंगीत ठिपके चढणीला लागले. मागं हत्तीनं भाताच्या पेंढ्या उधळल्या. ठिपके दगडी देवळात शिरले, तेव्हा कुठं कृष्णातनं बटणावरचं बोट काढलं.

"पोचलो," बयाबाई धापा टाकत म्हणाली. मग हळूच तिनं विचारलं, "आमचं बोलणं कुणी ऐकलं काय?"

"समदं," गणपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते डेअरीत पांढऱ्या मिशीनं आले. बयाबाईनं आपणहून त्यांना पान दिलं. सेट तेव्हा तिच्या गळ्यात होता.