खिडकीवरच्या सुतळ्या

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर ओळीवर राहत नाही. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणी उघडलीच तर चुकांबद्दल माफी असावी.

आमचं घर गोंडपिपरीच्या बाजूला, गावाच्या शेवटाला आहे. मागे लगेच जंगल लागतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा नवऱ्याने एकच हौस केली. मागच्या भिंतीला मोठी सरकती खिडकी, काळ्या काचेची. आतून झाडं दिसतात, बाहेरून ती आरशासारखी. घरकुलाच्या पैशात ती बसत नव्हती, म्हणून वरोऱ्याच्या मोठ्या नणंदेने पैसे उसने दिले. खिडकी बसली आणि चार महिन्यांत नवरा तापाने गेला.

पहिला हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, काचेवर आदळला तेव्हा मी खिडकीजवळ तांदूळ निवडत होते. धप्प आवाज झाला. बाहेर जाऊन बघितलं तर मान लोंबत होती, पाय पिवळेधमक. मी खड्डा केला, त्याला पुरलं, हात धुतले आणि उरलेले तांदूळ निवडले. मला काही वाटलं नाही. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. मग बुलबुल, होला, पुन्हा बुलबुल. दर आठवड्याला खड्डा करावा लागायचा.

शेजारची म्हातारी म्हणाली, "त्याइले काचेत झाडच दिसते वं. समोर काहीतरी टांग."

आमच्याकडे धान निघालं की लोंब्यांचं झुंबर विणून पाखरांना खायला ओसरीत टांगतात. घरात तेच होतं. तेच मी खिडकीसमोर टांगलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली दोन चिमण्या मरून पडल्या होत्या.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "आवतन देऊन मारलं वं तू!"

मीही हसल्यासारखं केलं आणि झुंबर काढून टाकलं.

मग काचेला आतून चुन्याच्या रेघा ओढल्या. बाहेर येऊन बघितलं तर रेघा दिसतच नव्हत्या, झाडंच दिसत होती. शेवटी पोत्यांच्या सुतळ्या सोडवल्या आणि बाहेरून, खिडकीच्या वर, चार-चार बोटांवर एक अशा बांधून खालपर्यंत सोडल्या. वाऱ्याने त्या हलायच्या. त्या आठवड्यात एकच पाखरू गेलं. पुढे महिनाभर एकही नाही.

नवऱ्याच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला नणंद आली. मागे हात धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली.

"हे काय करून ठेवलं वं? घर हाय का गोठा?"

"पाखरं आदळून मरतेत, बाई."

"पाखरं मरतेत! माहा भाऊ मेला, त्याचं काई नाई? त्यानं हौसेनं केलेली खिडकी, अन् तू सुतळ्या बांधून राह्यली. काढ आधी. माहे पैसे फिटेपर्यंत काच माही हाय. फिटल्यावर शेणानं सारव, मी इचारनार नाई."

जेवायला आलेल्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी स्टुलावर चढले आणि तिच्यासमोर एकेक सुतळी सोडून काढली. ती गेल्यावरही पुन्हा बांधल्या नाहीत. बघायला कोणी येणार नव्हतं. पण पैसे तिचे होते, म्हणजे काच तिची होती. माझं डोकं त्याच्यापुढे जात नव्हतं.

पाखरं पुन्हा आदळू लागली. पावसाळ्यात एक नवरंग पक्षी गेला. तसा मी आधी जवळून बघितला नव्हता. धानाच्या रोवणीचे पैसे आले की तिला पाठवायचे, तेंदूपत्त्याचे आले की पाठवायचे. घरात तेल-मीठ तेवढं आणत होते. अशी दोन वर्षं गेली.

यंदा तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली तशी मी बसने वरोऱ्याला गेले. नणंदेने नोटा मोजून डब्यात ठेवल्या आणि चहा टाकला.

"आता काही उरलं का, बाई?"

"नाई. फिटले."

"पूर्ण?"

"फिटले म्हनलं ना वं."

मी कपाकडे बघत म्हटलं, "मग मी खिडकीले सुतळ्या बांधीन."

"बांध ना माय. त्यात मले काऊन इचारते?"

मी वर बघितलं. ती खरंच विचारत होती. त्या दिवशीचं स्वतःचं बोलणं तिच्या ध्यानातही नव्हतं. मी चहा संपवला, कप धुऊन ठेवला. पैसे पूर्ण फिटले होते.