बारा पाम आणि नामदेवकाकांचा पाइप

तिसऱ्या पामचा कोंब ओढला, तोही सरळ हातात आला. बुडाशी तपकिरी, चिकट; वास सडका. मी शिडीवर होतो म्हणून बरं, खाली कोणाला माझा चेहरा दिसला नाही.

हिंगण्याच्या एका कारखान्याच्या गेटजवळ आम्ही बारा मोठे पाम आणून लावले होते. मी लँडस्केप कंपनीत हॉर्टिकल्चरिस्ट आहे. भिवापूरच्या मिरची लावणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. आईवडिलांनी शिकवलं म्हणून इथे आहे, हे विसरत नाही.

आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. पामला शेंड्यात एकच कोंब असतो. तो सडला की झाड गेलं. खालची पानं पुढे काही आठवडे हिरवी दिसतात, एवढंच. जागा बदललेल्या पामची मुळं तुटलेली असतात, म्हणून पानांची वर जुडी बांधतो आणि बुडाशी ओल ठेवतो.

शिडी माळी नामदेवकाकांनी धरली होती. आधी ते याच कारखान्यात पॅकिंगमध्ये होते, गुडघे गेल्यावर बागेत आले. डोक्याला ओला दुपट्टा.

"काका, पाणी कुठं देता?"

"बुडाले देतो. अन् दुपारी पाइपनं वरतून."

"वरतून काहून?"

"ऊन पाहा ना कसं तपून राहिलं! मी माझं डोकं ओलं करतो, त्याचं नोको करू? नव्या जागी आलं बिचारं."

बांधलेल्या जुडीत ते पाणी रोज साचत होतं. माझ्या सूचनांच्या कागदावर 'सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी' एवढंच होतं. आमच्या घरी मिरचीला पाणी बुडाशीच देतात. मला ते कोणी शिकवावं लागलं नाही, म्हणून मीही कोणाला सांगितलं नाही.

काकांनी माझ्या हातातला कोंब पाहिला.

"साहेब, माही नोकरी जाईन का?"

"नाही," मी म्हणालो.

बारापैकी नऊ कोंब हातात आले. उरलेल्या तिघांच्या जुड्या सोडल्या, गाभा कापडानं टिपला, बुरशीनाशक ओतलं.

ॲडमिन मॅनेजर बाहेर आले. "हे तर हिरवेच दिसून राहिले. मेले म्हणता?"

"हो सर. चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही."

"पाइप कोणाच्या हातात होता?"

"सर, सूचना माझ्या होत्या."

"मोठे दिलदार आहात गा तुम्ही," ते हसले आणि आत गेले.

सोमवारी गेटवर नवा माळी होता. नऊ नवे पाम लावायला आमच्या कंपनीनं मलाच पाठवलं.

पावसाळ्यात जुन्या तिघांपैकी एकाला नवं पान आलं. मी काकांना फोन केला. ते खूश झाले. मग विचारलं, "बाकीच्या दोघाइचं काय?"

ते दोघे तोवर गेले होते. मी सांगितलं, अजून वेळ आहे.

आता माझ्या कागदावर पहिली ओळ असते : शेंड्यात पाणी ओतू नये. ती मी माळ्याला शिडीवर चढवून दाखवतो. पदवीनं त्या उन्हाळ्यात मला वाचवलं. काकांच्या कामी ती आली नाही.