बोटभर वर आलेला खांब

"अहो, खांब जमिनीतून वर येतोय," असं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून खांबाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझा खाली गेला असेल."

झालं! माझं डोकंच फिरलं. डिसेंबर महिना, बाहेर घोटाभर बर्फ, आणि अमेरिकेतल्या ट्रॉय गावी आमच्या घराच्या स्वयंपाकघरात उभे राहून आम्ही दोघं कुणाचा खांब हलला यावरून भांडत होतो. पोळी तव्यावर करपली, तीही त्याने निमूटपणे खाल्ली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

सांगते सगळं पहिल्यापासून. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, मुलगी तीन वर्षांची. मी नागपूरला सहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. इथे आल्यावर सगळी सर्टिफिकेटं पाठवली, तर 'समकक्ष नाहीत' असा शेरा मारून ती जशीच्या तशी परत आली. तेव्हापासून चार वर्षं मी घरात. कुणाकडे जेवायला गेलो आणि कुणी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" की माझ्या आधी नवरा सांगून मोकळा व्हायचा, "ती घरीच असते." खोटं बोलत नव्हता बिचारा. पण मला ते दर वेळी लागायचं.

मग मी ठरवलं, घरीच तर घरी. लहान मुलं सांभाळायचं रीतसर लायसन काढायचं. ओळखीच्या तीन मराठी घरांतल्या बायकांना नोकरी धरायची होती, पण पोरं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न. त्यातली एक तर म्हणालीच, "तू लायसन आण, मी दुसऱ्या दिवशी आमच्या पिल्लाला आणून सोडते." मला त्या मुलांना नुसतं खाऊ घालून झोपवायचं नव्हतं. पाण्यात काय बुडतं, काय तरंगतं, सावली दुपारी छोटी का होते, असलं सगळं करायचं होतं. वही घालून मी यादीसुद्धा काढली होती.

सप्टेंबरात राज्याच्या ऑफिसातून एक बाई तपासणीला आल्या. पन्नाशीच्या, उंच, बोलायला अगदी कमी. घर बघितलं, जिना बघितला, औषधांचं कपाट बघितलं आणि मग मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या मागे एक तळं होतं. तळं म्हणजे काय, बिल्डरने पावसाचं पाणी जमायला खणलेला मोठा खड्डाच, पण पाणी बारा महिने. बाई म्हणाल्या, "कुंपण हवं. आणि फाटक सोडलं की आपोआप बंद झालं पाहिजे, कडी आपोआप पडली पाहिजे. घाई नाही, मी एप्रिलमध्ये परत येईन."

नवरा पुण्याचा, तोही फ्लॅटमध्ये वाढलेला. उभ्या जन्मात त्याने जमिनीत काही रोवलं असेल तर ते क्रिकेटचे स्टंप. पण इंजिनियर ना! कागदावर चित्र काढलं, दुकानातून दोन दांड्यांचं खणायचं हत्यार भाड्याने आणलं, आणि दोन-दोन फूट खणून सगळे खांब काँक्रीटमध्ये बसवायचं ठरवलं.

मी म्हटलं, "काँक्रीट नको. खोल खणू या आणि खडी भरू या."

"का?"

"बाबा तसंच करायचे."

माझे वडील वर्ध्याकडे रस्त्याच्या कामावर मुकादम होते. आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक असेल तर ठाऊक असेल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती कणकेसारखी फुगते. तिच्यात नुसता खांब रोवला की दोन-तीन वर्षांत तो झोकांड्या खातो. बाबा म्हणायचे, "काळ्या मातीला खांब पचत नाही, ती ओकून टाकते." म्हणून ते कमरेएवढा खड्डा खणायचे आणि खांबाभोवती माती परत टाकायचीच नाही, सगळा मुरूम भरायचा, थरावर थर, पहारीने ठोकून ठोकून. मातीला खांबाला हातच लावू द्यायचा नाही, अशी एकूण रीत.

"पण इथे काळी माती कुठंय?" नवरा हसून म्हणाला. "ही पिवळी आहे. आणि काँक्रीट म्हणजे काँक्रीट. तुमचं नागपुरी इंजिनियरिंग राहू दे बाप्पा."

बाप्पा म्हणाला ना मला चिडवायला, तिथंच ठिणगी पडली. मी म्हटलं, "फाटकाचा एक खांब माझा." तो म्हणाला, "घे." ज्याला बिजागऱ्या लागतात आणि ज्यावर फाटकाचा सगळा भार येतो तो खांब त्याचा. ज्यावर कडी अडकते तो समोरचा माझा. त्याचा खांब एका दुपारी उभा राहिला. काँक्रीट थोडं जास्त झालं, ते त्याने खड्ड्याच्या तोंडाशी पसरून गुळगुळीत केलं, वर छानशी टोपी आल्यासारखं. मला तीन संध्याकाळी लागल्या. ती पिवळी माती चिकट म्हणजे किती चिकट! हत्याराला धरून बसायची, बोटाने खरवडून काढायला लागायची. कमरेपर्यंत खणलं, तरी बाबांचा आवाज कानात होताच, म्हणून आणखी वीतभर खणलं. तळाशी खडी, मग खांब, मग भोवती खडीचा थर, पहार, थर, पहार. माझे तळवे सोलवटले. फाटक लावलं, सोडलं, ते आपल्या आपण आलं आणि कडी खट्कन पडली. आम्ही दोघांनी ते दहा-बारा वेळा करून बघितलं, मुलीने त्याहून जास्त.

आणि डिसेंबरात कडी पडेनाशी झाली. फाटकाचा दांडा कडीच्या खाचेपेक्षा जरासा वर जाऊन थांबायचा. म्हणजे दोनपैकी एक खांब हलला होता. पण कुठला? तो म्हणे माझा खचला, मी म्हणे त्याचा वर आला. खरं सांगू? भांडण माझ्या डोक्यातून अर्ध्या तासात गेलं, प्रश्न राहिला. जमीनच हलत असेल तर कुठला खांब हलला हे जमिनीवर उभं राहून ओळखायचं कसं? कित्येक दिवसांनी मला असा चावरा प्रश्न भेटला होता. भांडी घासताना मी तोच घासत होते.

न हलणारी एक वस्तू लागणार होती. ती होती आमच्या घराची भिंत, तिचा पाया जमिनीत खोलवर गेलेला. आणि भिंतीवरची उंची लांबच्या खांबावर न्यायला गवंडी वापरतात ती पाण्याची नळी. नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं उभी धरायची, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच. बाबांबरोबर लहानपणी मी कितीदा ते दुसरं टोक धरलं होतं! पारदर्शक नळी विकत आणली, नळाचं पाणी भरलं, भिंतीपासून निघाले, आणि खांबापाशी पोचून बघते तर पाणी नळीतच गोठायला लागलेलं. अगं बाई! मी तिथं बर्फात उभी राहून एकटीच हसत सुटले. मग गॅरेजमध्ये गाडीची काच धुवायचं ते निळं पाणी दिसलं. ते गोठत नाही. नवऱ्याला न विचारता अख्खा कॅन नळीत ओतला.

भिंतीवर, त्याच्या खांबावर आणि माझ्या खांबावर एकाच पातळीत लाल नेलपॉलिशच्या तीन रेघा मारल्या. पहिल्या रविवारी मी एकटी होते, मुलीच्या हातात दुसरं टोक दिलं तर तिने निम्मं निळं पाणी बर्फावर सांडलं. दुसऱ्या रविवारी नवरा आपणहून कोट घालून आला. "आण इकडे," म्हणाला. मोजलं की मी ते वहीत टिपायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. माझी रेघ भिंतीच्या रेघेशी जिथल्या तिथे. त्याची रेघ दर रविवारी केसभर, कधी दोन केस वर. फेब्रुवारीअखेर ती चांगली बोटभर वर गेली होती. नळीच्या टोकाकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "हं." पुण्याच्या माणसाचं 'हं' म्हणजे आमच्याकडचा साष्टांग नमस्कार, असं मी त्याला ऐकवलंच.

बाबांना पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "पाणी बर्फ होताना फुगतं, हे तूच मला सातवीत असताना सांगितलं होतंस. आमची माती पाणी पिऊन फुगते, तुमची गोठून फुगत असेल. फुगताना ती खांबाला कवेत धरते आणि उचलते. तुझ्या खडीत पाणी थांबत नाही, मग ती कशाने धरणार? आता एवढं शोध, की थंडी जमिनीत किती खोल शिरते." ते मी लायब्ररीत जाऊन शोधलं. साडेतीन फूट! दोन फुटांवर काँक्रीट, आणि त्यालाही वर टोपी. मातीला धरायला चांगली मूठच मिळाली होती.

एप्रिल आला, बर्फ वितळलं. मला वाटलं, खांब आता खाली जाईल. कुठचा जातोय! तसाच उंच. आणि तपासणी चार दिवसांवर. नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला, माझ्या खांबावरची कडीची खाच बोटभर वर सरकवली, चार स्क्रू, दहा मिनिटं. खट्! कडी पडायला लागली. "झालं की नाही?" म्हणाला. झालं होतं. मला ते लायसन फार हवं होतं.

त्या बाई आल्या. फाटक उघडलं, सोडलं, खट्. परत उघडलं, खट्. कागदावर खूण केली आणि सवयीने विचारलं, "फाटकाबद्दल आणखी काही?"

नाही म्हणायचं होतं. तोंडात तयार होतं. पण समोर तळं दिसत होतं. पुढच्या डिसेंबरात हाच खांब परत वर येणार, आणि तेव्हा आत माझी एकटीची मुलगी नसणार, तीन घरांची पोरं असणार. मी म्हटलं, "हा खांब बोटभर वर आलाय. कडी आम्ही परवाच सरकवली. पुढच्या हिवाळ्यात परत पडायची नाही."

मागून नवरा मराठीत पुटपुटला, "अगं, गप्प बस ना!"

बाईंनी पेन खाली केलं. "तुम्हाला कसं कळलं?" मी नळी दाखवली, रेघा दाखवल्या, रविवारांची वही दाखवली. त्यांनी वहीचं पान न् पान बघितलं. मग पहिली खूण खोडली आणि म्हणाल्या, "खांब परत बसवा. सहा आठवड्यांनी येते." गेल्या निघून.

"हरिश्चंद्राची नात आहेस अगदी!" नवरा भडकला. मी आत जाऊन बाथरूममध्ये हमसून हमसून रडले. ज्या बाईने दुसऱ्या दिवशी पिल्लाला आणून सोडते म्हटलं होतं, तिला फोन करून 'आत्ता नाही' असं सांगावं लागलं. तिने दुसरीकडे ठेवलं त्याला. तिचं काय चुकलं? नोकरी थांबत नाही कुणासाठी. पण मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

तो काँक्रीटचा धोंडा काढायला आम्हाला दोन शनिवार लागले. नवरा पहिल्या शनिवारी घुम्म होता. दुसऱ्या शनिवारी पहारीने धोंडा एका बाजूने उचकटला आणि तो एकदम ओरडला, "अगं, ये, हात घाल इथे!" धोंड्याच्या खाली पोकळी होती, बोटभर, तळाला गार चिखल. धोंडा वर आला होता आणि बाजूची माती सरकून त्याला घट्ट धरून बसली होती, म्हणून तो परत खाली गेलाच नव्हता. तो गवतावर पालथा पडून कोपरापर्यंत हात आत घालून चाचपत होता, गालाला माती, आणि चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा. मग त्याने स्वतः खणायला घेतलं. साडेतीन फूट झाल्यावर मी म्हटलं, "वीतभर आणखी." त्याने खणलं. खडीचे थर मी टाकले, पहार त्याने मारली.

जूनमध्ये बाई परत आल्या. या वेळी मी चहा ठेवला होता. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, पिशवीतून कागद काढला आणि तिथल्या तिथे सही करायला लागल्या.

माझा स्वभाव कुठे जाणार? मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही खांब बघितलाच नाही!"

बाईंनी मान वर केली नाही. सही पुरी केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्ही बघितलाय ना?"