पुन्हा विचारलेला प्रश्न

आमच्या गावातली निम्मी पोरं ग्लेंडा स्टर्जिसच्या स्कूलबसमधून लहानाची मोठी झाली. बाई तोंडाची फटकळ. बसमध्ये दंगा करणारा आज बँकेत साहेब असला, तरी तिला बघून सरळ बसतो. राजकारणाच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. पण पाचव्या महिन्यात पाणी फुटलं म्हणून तिची लेक टेसा इस्पितळात गेली आणि डॉक्टरांनी हात वर केले. बाळाचे ठोके थांबेपर्यंत गर्भपातबंदीचा कायदा आड येतो, म्हणाले. पोर मरणाच्या दारातून परतली. तेव्हा गर्भपाताचा बाईचा हक्क आमच्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतच लिहून घ्यायचा विडा ग्लेंडाने उचलला.

प्रश्न लोकांच्या मतदानाला लागावा म्हणून जत्रेच्या फाटकाशी उन्हात उभं राहून तिने सह्या गोळा केल्या. चर्चमधल्या बायकांनी बोलणं टाकलं. आमदार कार्ल बोमन, तोही तिच्याच बसमधला, तेवढा तिच्या व्हरांड्यात बसून पीचचा केक खात म्हणाला, "मिस ग्लेंडा, मला स्वतःला हे पटत नाही. पण लोक ठरवतील ते मी मोडणार नाही. शब्द देतो."

ग्लेंडाने त्याला आणखी एक तुकडा वाढला.

मतदानात 'होय' जास्त पडलं, आम्ही जिंकलो. वर्ष सरतंय तोच राजधानीतल्या आमदार मंडळींनी तोच प्रश्न पुन्हा मतदानाला लावला. फक्त या खेपेला 'होय' म्हणजे हक्क रद्द, आणि वर मथळा 'महिलांच्या आरोग्याची काळजी'. मांडणाऱ्यांत कार्ल पहिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच!

"आता 'नाही' करा गं बायांनो," सांगत ग्लेंडा पुन्हा दारोदार फिरली. घरच्या माणसाला वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं.

तिचा नवरा वेंडल लांबचा ट्रक चालवतो. मतासाठी म्हणून तो वाटेतूनच थेट चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रात आला. ग्लेंडा आणि मी, आम्ही दोघी रांगेत होतो, तेवढ्यात तो मत देऊन हसत बाहेर पडला.

"काम फत्ते! टेसासाठी दणकून 'होय' केलं, मागच्यासारखंच!"

ग्लेंडाचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती म्हणाली, "बरं केलंस. घरी जाऊन झोप जरा."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, त्याला सांग तरी!"

"मुळीच नाही. जन्मभर स्वतःला खात बसेल तो."

"आणि कार्ल?"

"त्याला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "माझ्या वेंडलसारख्यांसाठीच तर त्याने ते तसं लिहिलं."